सुधींद्र यांच्या मते

जयनगर, बेंगळूरु
३ मे २०२५

चि. श्रीविद्या,

आशीर्वाद. संतापलेल्या माणसाचे शाप लागतात म्हणतात, मग आशीर्वादही लागत असतील या हिशेबाने आजच पाठवून ठेवते.

फोन करत नाही. फोनवर तू "अक्का, राइट क्लिक, राइट क्लिक!" म्हणून ओरडतेस आणि मी घाबरून लेफ्ट करते. शिवाय तू पुण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहेस, लेखी तक्रारीची तुला सवय असेल.

प्रबंध संपला. मार्केटहून आनेकलची बस पकडून, तळ्यांच्या बांधांवरून चपला झिजवून, म्हाताऱ्यांच्या शेतात बसून नाचणीचा रागीमुद्दा खाऊन, नऊ वर्षांनी एकदाचा संपला. तीस जूनपर्यंत विद्यापीठात दिला नाही तर माझी नोंदणी रद्द होणार. चौपन्नाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसायची माझी तयारी नाही. जुने गाइड निवृत्त झाले. नवे आलेत डॉ. देवव्रत, वयाने माझ्या विद्यार्थ्यांसारखे, वागण्याने माझ्या सासऱ्यांसारखे. त्यांनी माझी संदर्भसूची बघितली. सगळी कार्डांवर, निळ्या शाईत, हाताने लिहिलेली. म्हणाले, "मॅडम, हे इम्पोर्ट केलेलं नाही?" मी शेजारच्या झाडाचे आंबे चोरून आणलेत असा चेहरा.

म्हणे नियतकालिकांतले लेख आधी त्या संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचे, मग सूची तेच करून देतं. आणले. एका लेखाचं नाव आलं 'मायक्रोसॉफ्ट वर्ड – फायनल फायनल टू'. एका लेखकाचं नाव आलं 'अ‍ॅडमिन'. आणि तीन निरनिराळ्या नियतकालिकांतले तीन लेख एकाच नावाने आले: 'जस्ट अ मोमेंट'. लेखक नाही, साल नाही. तिसऱ्या प्रकरणात आता माझं म्हणणं असं आहे की तळ्याचा गाळ काढायची जबाबदारी पूर्वी सगळ्या गावाची होती (जस्ट अ मोमेंट).

आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून घरीच असतात. घरचा ईमेल त्यांनी उघडून दिला होता, म्हणून कॉम्प्युटर आपला विषय आहे असं त्यांना वाटतं. मागे उभं राहून सांगतात, "स्वल्प थांब, ते फिरतंय." फिरतंय ते मलाही दिसतं.

काहीतरी कर.

अनुसूया


पुणे
५ मे २०२५

अक्का,

नमस्कार. तुझं पत्र वाचून वाचनकक्षात एकटीच मोठ्याने हसले. 'शांतता राखा' ही पाटी मीच लावलेली आहे.

तुझं काय झालं ते सांगते. हल्ली वेबसाइट उघडायच्या आधी समोरचा खरंच माणूस आहे का ते तपासते. तेवढा वेळ पानावर 'जस्ट अ मोमेंट' असं दिसतं. तू तेवढ्यात ब्राउझरच्या कोपऱ्यातलं बटण दाबलंस. म्हणजे सॉफ्टवेअरने दारावरच्या वॉचमनलाच लेखक समजून आत घेतलं. तीनदा.

आता शांतपणे वाच. लेखाचं पान पूर्ण उघडू दे. लेखाच्या नावाजवळ 'साइट', म्हणजे संदर्भ द्या, किंवा 'एक्स्पोर्ट' असं काहीतरी लिहिलेलं असेल, तिथून एक छोटी फाइल उतरव. मग सॉफ्टवेअरमध्ये फाइल, इम्पोर्ट, आणि ती फाइल दाखव. बस. त्यानंतर प्रत्येक नोंद उघडून तुझ्या कार्डाशी ताडून बघ. कार्डं अजिबात फेकू नकोस. मशीनमध्ये कपडे टाकले तरी कॉलर कोण बघतं? आपणच ना?

आणि 'डुप्लिकेट एकत्र करा' असं बटण दिसेल. त्याला हात लावायचा नाही. भावजींनाही लावू द्यायचा नाही.

तुझी
श्रीविद्या


जयनगर
११ मे २०२५

चि. श्रीविद्या,

वॉचमन गेले. फायनल फायनल टू गेलं. अ‍ॅडमिनचं खरं नाव सापडलं, चांगला धारवाडचा माणूस निघाला. तू म्हणालीस तसं एकेक नोंद कार्डाशी ताडली आणि शेवटी माझ्याच दोन लेखांपाशी आले.

उमेदवाराचे स्वतःचे दोन लेख छापून आलेले लागतात, असा नियम आहे. माझे आलेले आहेत. 'अनुसूया सुधींद्र' या नावाने, दोन्ही आनेकलच्या तळ्यांवर. आता तू पुण्याला सासरचं आडनाव लावून सुटलीस. आपल्याकडे इथे आडनावाची रीतच नाही. लग्नाआधी मी बी. व्ही. अनुसूया होते, बी म्हणजे बेंगळूरु, व्ही म्हणजे आपले वादिराजअप्पा. लग्न झालं, पुढची अक्षरं गेली आणि मागे यांचं नाव लागलं. हे त्या सॉफ्टवेअरला कोण सांगणार? शेवटचा शब्द दिसला की त्याच्या लेखी ते आडनाव. माझे दोन्ही लेख आता 'सुधींद्र, ए.' यांनी लिहिलेले आहेत.

आईने जन्मात कधी अप्पांचं नाव तोंडाने घेतलं नाही. मीही यांचं घेतलं असेल ते मंगळागौरीच्या उखाण्यात. आता चौथ्या प्रकरणात पानोपानी घेतेय, तेही सालासकट. सुधींद्र यांच्या मते तूबाच्या दगडावरून, म्हणजे तळ्याचं पाणी सोडायच्या दारावरून, तळ्याचं वय सांगता येतं. सुधींद्र यांनी दाखवून दिल्याप्रमाणे शेवटच्या शेताला पाणी आधी मिळायचं. सुधींद्र यांनी काय दाखवून दिलंय? मी आनेकलला निघाले की हे म्हणायचे, "तळंच बघायचं तर लालबागेत बघ, बस तरी बदलावी लागत नाही."

यावर डॉ. देवव्रतांनी समासात लिहिलंय: 'सुधींद्र यांच्यावर तुम्ही फार विसंबून आहात. त्यांच्याशी तुमचे मतभेद कुठे आहेत, ते स्पष्ट करा.' सर, लग्न झाल्यापासून दुसरं काय करतेय?

काल हे चष्मा कपाळावर चढवून ते पान वाचत होते. दोनदा वाचलं. म्हणाले, "बरं लिहिलंय की." नऊ वर्षांत माझ्या प्रबंधाबद्दल यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द.

उपाय सांग. प्रबंधावर माझं नाव आणि आत सगळं यांचं, असं मी देणार नाही.

अनुसूया


जयनगर, बेंगळूरु
१६ मे २०२५

विषय: मार्गदर्शन मिळणेबाबत (खाजगी)

सौ. श्रीविद्या,

आशीर्वाद. वरील विषयास अनुसरून कळवितो की, घरच्या ईमेलवर एक पत्र आले आहे. देवनहळ्ळीजवळच्या एका मोठ्या हॉटेलात पाण्याच्या प्रश्नावर परिषद आहे. पत्राची सुरुवात 'आदरणीय डॉ. ए. सुधींद्र' अशी आहे. निवृत्तीनंतर मला आदरणीय म्हणणारे फक्त विमा विकणारे उरले होते.

मी नीट खात्री करून घेतली. ईमेल मीच उघडलेला. नावही माझेच. माझे वडील अच्युतराव, त्यामुळे सबंध नोकरी मी 'ए. सुधींद्र' या सहीनेच केली, हे बँकेत कोणालाही विचार. तेव्हा पत्र चुकीच्या पत्त्यावर आले असे म्हणता येत नाही.

अनुसूयेला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही. तिला यात ओढण्यापेक्षा मीच जाऊन दोन शब्द बोलून येतो. शेवटी नाव घरचेच होणार. तरी तळ्यांविषयी दहा मिनिटे पुरेल असे काही लिहून पाठव. फार खोलात नको. अक्काला सध्या बोलू नकोस, नंतर मीच स्वल्प सरप्राइज देईन.

तुझा भावजी
ए. सुधींद्र


पुणे
१७ मे २०२५

भावजी,

नमस्कार. तो मेल अक्कासाठी आहे, तिच्या लेखांखाली घरचाच ईमेल छापलेला आहे. तुमचं नाव सॉफ्टवेअरच्या चुकीने तिथे गेलंय. दहा मिनिटांचंच काय, दहा ओळींचंही काही पाठवणार नाही. आजच्या आज 'येऊ शकत नाही' असं कळवा आणि अक्काला तो मेल दाखवा. डॉक्टर कधी झालात?

श्रीविद्या


पुणे
१८ मे २०२५

अक्का,

उपाय सोपा आहे. तुझ्या लेखाची नोंद उघड. नावाच्या दोन खान्यांशेजारी एक बारीक चिन्ह आहे. ते दाबलं की दोन्ही खाने जोडून एकच होतो. त्यात 'अनुसूया सुधींद्र' असं सलग लिही. मग ते नाव कोणी उलटं करणार नाही.

पण एक लक्षात ठेव. ही दुरुस्ती तुझ्या मशीनवरची. ज्यांनी ज्यांनी तुझे लेख 'सुधींद्र, ए.' म्हणून आत घेतले, त्यांच्याकडे ते तसेच राहणार. एकाने चुकीचं घेतलं की पुढचे दहा जण त्याच्याकडूनच उचलतात, कार्डाशी ताडून बघायला तुझ्यासारखं कोणी बसत नाही.

आणि घरचा ईमेल अधूनमधून स्वतः उघडत जा. सहज सांगितलं.

श्रीविद्या


जयनगर
६ जून २०२५

श्रीविद्या,

आज आशीर्वाद नाहीत.

परवा हे सकाळीच निघाले. चिकपेटला जातो, पडद्याचं कापड बघून येतो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून चिकपेटच्या गर्दीत कोण जातं, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. संध्याकाळी आले ते सेलोफेनमध्ये बांधलेली फळांची टोपली घेऊन. म्हणाले, "कापड पसंत पडलं नाही." आणि फळं? "ती... तिथेच मिळाली."

आज सकाळी शेजारच्या अहल्याबाई कन्नड पेपर नाचवत आल्या. "अनुसूया, निम्म यजमानरु!" बघते तर आमचे यजमान. डोक्यावर म्हैसूर पेटा, खांद्यावर शाल, हातात तीच टोपली. खाली ओळ: 'तळ्यांचे ज्येष्ठ अभ्यासक डॉ. ए. सुधींद्र यांचा देवनहळ्ळी येथे सत्कार'. अर्ध्या तासाच्या वर बोलले म्हणे. कुठल्या तळ्यावर? लालबागच्या. दुसरं बघितलंय कुठलं?

एवढ्यावर भागलं असतं तर मी फळं खाऊन गप्प बसले असते. तोच पेपर घेऊन मी विद्यापीठात गेले, तर तिथे तो आधीच पोचलेला. प्रबंध तपासणीच्या खिडकीवर प्राणेश नावाचे गृहस्थ बसतात. त्यांचं सॉफ्टवेअर लेख स्वतःच आत घेतं, माझी दुरुस्ती माझ्यापाशीच राहिली. म्हणाले, "मॅडम, हे दोन्ही लेख तुमचे नाहीत. ए. सुधींद्र यांचे आहेत. हे बघा, फोटोसुद्धा आहे."

म्हटलं, "अहो, ते माझे मिस्टर."

"मग तर फारच कठीण, मॅडम. घरातल्या माणसाचे लेख आपले म्हणून दाखवता?"

छापलेला लेख पुढे केला. त्यावर माझं नाव आहे, माझा फोटो आहे. त्यांनी तो बघितला आणि परत स्क्रीनकडे बघितलं. "सिस्टममध्ये तसं नाही ना, मॅडम." दोन लेख नाहीत तर प्रबंध नाही. डॉ. देवव्रत म्हणतात, त्यांनी मतभेद स्पष्ट करायला सांगितलं होतं, मी मनावर घेतलं नाही.

घरी येऊन यांना धरलं. आधी म्हणाले, "नाव माझंच होतं गं." मग म्हणाले, "श्रीविद्याला विचारून गेलो."

तुला विचारून? तुला तीन आठवडे ठाऊक होतं आणि तू मला 'सहज सांगितलं'?

अनुसूया


पुणे
७ जून २०२५

अक्का,

विचारलं होतं, हे खरं. मी स्पष्ट नाही म्हटलं होतं, हेही खरं. उत्तरात भावजींनी एकच ओळ पाठवली: 'विचार करतो.' बँकेतला माणूस 'विचार करतो' म्हणाला की कर्ज मिळणार नाही असं आम्ही समजतो. मी तोच अर्थ घेतला आणि तुला त्रास नको म्हणून गप्प बसले. तुला त्रास नको म्हणून जे जे केलं जातं, त्यात माझीही भर पडली. चुकलं.

आता कामाचं. ते लेख तुझे आहेत असं तू कितीही सांगितलंस तरी उपयोग नाही, ते तर तू पहिल्यापासून सांगतेयस. ए. सुधींद्रने ते आपले नाहीत असं शपथेवर लिहून द्यायला हवं. नोटरीसमोर. त्या पेपरच्या कात्रणासकट. तसा माणूस शोधायला लांब जायला नको, तुमच्या हॉलमध्ये पाय वर घेऊन बसला असेल.

तीस तारीख जवळ आहे. त्यांना 'विचार करतो' म्हणू देऊ नकोस.

श्रीविद्या


जयनगर
१ जुलै २०२५

चि. श्रीविद्या,

आशीर्वाद. या वेळी साधेच.

म्हणू देऊ नकोस म्हणालीस, पण त्यांनी तेच म्हटलं. आधी गुरुवार चांगला नव्हता. मग गुडघा. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील? परवा सत्कार, आज शपथपत्र." तो पेटा अजून टीव्हीशेजारी आहे, त्यावर रुमाल टाकून ठेवतात, धूळ बसू नये म्हणून. शेवटी मी कार्डांचा खोका आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "हे सगळं उद्या रद्दीत जाईल. तुम्हीच बांधून द्या." मग उठले.

कोर्टामागे खंडोजी म्हणून नोटरी आहेत, आपल्यासारखीच मराठी बोलणारे. त्यांनी टाइपरायटरवर कागद चढवला.

"हं, काय घालायचं सार?"

हे म्हणाले, "असं घाला, सदर लेख मुख्यत्वे माझ्या पत्नीचे आहेत."

"मुख्यत्वे म्हणजे? तुमचं किती?"

"म्हणजे... घरी चर्चा व्हायची."

मी म्हटलं, "कसली चर्चा? सांगा की त्यांना."

"मी चहा करून देत होतो."

"चहा शपथपत्रात बसत नाही, सार. आनेकलला किती वेळा गेलाय तुम्ही?"

हे छताकडे बघायला लागले.

"एकदा तरी?"

"होसूरला जाताना. बायपासवरून."

खंडोजींनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं: मी, ए. सुधींद्र, शपथेवर सांगतो की मी तळ्यांचा अभ्यासक नाही, मी डॉक्टर नाही, अभ्यासासाठी मी आनेकलला कधीही गेलेलो नाही आणि सदर लेख मी लिहिलेले नाहीत.

यांनी कागद हातात घेऊन स्वतः एकदा वाचला. मग म्हणाले, "वाचलेलेही नाहीत, असं घाला."

"ते लागत नाही, सार."

"खरं आहे ना. घाला."

आणि सही केली. बँकेतली, पूर्ण, शेपटीसकट.

परतताना रिक्षात म्हणाले, "त्या दिवशी एवढे लोक गप्प बसून माझं ऐकत होते गं." माझ्या जिभेवर काय काय आलं ते तुला ठाऊक आहे. नऊ वर्षं मी या घरात बोलत होते, तेव्हा टीव्हीचा आवाजसुद्धा कमी झाला नव्हता. पण गिळलं. जरा वेळाने म्हणाले, "आनेकलची बस मार्केटहूनच ना?" म्हटलं, हो, चप्पल जुनी घाला.

तीस तारखेला विद्यापीठात गेले. प्राणेशांनी शपथपत्र उलटंसुलटं वाचलं, पेपरमधल्या फोटोशी ताडलं, आणि म्हणाले, "म्हणजे हे नाहीत." म्हटलं, नाहीत. "आणि तुम्ही आहात." म्हटलं, पहिल्यापासून.

मग स्क्रीन माझ्याकडे फिरवला. लेखकाचं नाव भरायचं. "पदवीवर नोंदणीचंच नाव येईल, मॅडम. पण इथे भराल तेच जगभर जाईल. तुमचा प्रबंध कोणीही आत घेतला की हेच घेणार. नंतर बदलता येत नाही."

दोन खाने. पहिलं नाव, आडनाव. तू सांगितलेलं ते बारीक चिन्ह शोधलं, ते इथे नाहीच. आडनावाचा खाना रिकामा सोडला तर लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही.

सुधींद्र घातलं असतं तर पुढच्या परिषदेला पेटा पुन्हा बाहेर निघाला असता. वादिराज घालावं, तर एम.ए. झाल्यावर मला "शिकणं पुरे आता, अम्मा" म्हणाले होते ते अप्पाच. ते आयते प्रबंधाचे धनी झाले असते. बेंगळूरु घालून बघावं असंही वाटलं, पण या शहराने तरी तळ्यांचं काय भलं केलंय? पलीकडे प्राणेश घड्याळाकडे बघत होते. "लवकर मॅडम, पाचला सर्व्हर बंद."

पहिल्या खान्यात लिहिलं, अनुसूया. दुसऱ्यातही लिहिलं, अनुसूया.

"मॅडम, एकच नाव दोनदा झालं."

"सरी आहे, बरोबरच आहे," म्हटलं. "एकदा लिहून कोणाला कळलं नाही."

पोच मिळाली. शिक्का जरा पुसट आहे.

अनुसूया


पुणे
१९ जानेवारी २०२६

डॉ. अक्का,

तुझ्या तोंडी परीक्षेची बातमी भावजींनी मला 'विषय: आनंदाची वार्ता' अशा मथळ्याने कळवली. खाली सही फक्त 'सुधींद्र'. पुढचा ए. गळला.

आज तुझा प्रबंध आमच्या ग्रंथालयाच्या यादीत घेतला. फाइल उतरवली, इम्पोर्ट केली, नोंद उघडून ताडून बघितली. वॉचमन नाही, अ‍ॅडमिन नाही. आनेकलची तळी, आणि पुढे 'अनुसूया, ए.'

तेवढ्यात सॉफ्टवेअरने एक खिडकी उघडली: लेखकाचं नाव दोनदा आलेलं दिसतं, दुरुस्त करू?

'नको' दाबलं.

श्रीविद्या